अपघात की गुन्हा?

मंडळी, देशादेशांतल्या गुन्हेगारीची तुलना करताना आपण खून आणि दरोडे मोजतो. आज बोईसरमध्ये बोलतोय, म्हणून मी वेगळा मृत्यू घेतो. कारखान्यातला. 11 जानेवारी 2020 ला तारापूर औद्योगिक वसाहतीत रसायनांच्या कारखान्यात स्फोट होऊन आठ माणसं गेली. त्या घटनेत दोष कुणाचा, हे मी सांगणार नाही. ते काम न्यायालयाचं. पण अशा मृत्यूला आपण लगेच ‘दुर्घटना’ म्हणतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची पुस्तकंही वेगवेगळी आहेत : एक गुन्ह्यांचं, दुसरं अपघाती मृत्यू आणि आत्महत्यांचं. कारखान्यातले अपघात दुसऱ्यात मोजले जातात.

यामागं इतिहास आहे. भारतीय दंड संहितेत 304-अ हे कलम 1870 मध्ये आलं. निष्काळजीपणानं मृत्यू घडवला तर जास्तीत जास्त दोन वर्षं कैद. बेफाम गाडी हाकणारा असो की विषारी वायूच्या टाकीची देखभाल टाळणारा, कलम तेच. भोपाळला 1984 मध्ये हजारो माणसं मेली. 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आरोप याच कलमावर आणला. निकाल लागला 2010 मध्ये : दोन वर्षं शिक्षा, आणि लगेच जामीन!

आता इटलीत चला. 2007 मध्ये तुरिनच्या पोलाद कारखान्यात आगीत सात कामगार मेले. कंपनीच्या जर्मन प्रमुखाला आधी साडेसोळा वर्षं शिक्षा झाली, नंतर ती नऊ वर्षं आठ महिन्यांवर आली, आणि 2016 मध्ये तीच कायम झाली. शिक्षा भोगायची होती जर्मनीत, आणि तिथल्या कायद्यात अशा गुन्ह्याला कमाल पाच वर्षं. म्हणून ती पाचवर उतरली. म्हणजे बघा, कृत्य एकच, पण सीमा ओलांडली की वजन बदलतं.

आपल्याकडे जुलै 2024 पासून नव्या भारतीय न्याय संहितेत दोनाची मर्यादा पाच वर्षं झाली. बरं झालं. पण इटलीच्याच बेक्कारियानं 1764 मध्ये सांगून ठेवलंय की, गुन्हा रोखते ती शिक्षेची खात्री आणि तत्परता. तिची क्रूरता नव्हे. भोपाळला साडेपंचवीस वर्षं लागली, तुरिनला साडेआठ. तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी भोंगा वाजला की ‘किती वर्षं शिक्षा?’ एवढंच विचारू नका. नोंद कुठल्या कलमाखाली झाली आणि खटला कधी उभा राहणार, हे आधी विचारा.