कणगीत किती उरलंय?

माझी भाची गेल्या वर्षी सारखी थकलेली असायची. जिना चढला की दम लागायचा. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन १२.२. प्रौढ स्त्रीसाठी १२ ही खालची सीमा, म्हणजे सगळं 'नॉर्मल'. बाजी तिला म्हणाली, "रिपोर्ट चांगला आहे, रात्री मोबाइल कमी बघ." पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी आणखी एक तपासणी लिहून दिली : फेरिटिन. आकडा आला ६. मला रिपोर्ट दाखवत पोरगी एवढंच म्हणाली, "मामू, मी नाटक करत नव्हते."

तेव्हापासून या आकड्याचा इतिहास मी वाचत गेलो.

आपल्या शरीरात साधारण ३ ते ४ ग्रॅम लोह असतं. त्यातलं बहुतेक हिमोग्लोबिनमध्ये कामाला लागलेलं असतं. उरलेलं यकृत, प्लीहा आणि अस्थिमज्जेत साठवलेलं असतं. हिमोग्लोबिन म्हणजे डब्यातलं पीठ आणि साठा म्हणजे कणगीतलं धान्य. कणगी तळाला गेली तरी डबा काही दिवस भरलेला दिसतो. म्हणून नुसता डबा पाहून घराची स्थिती कळत नाही.

पण कणगीत डोकावायचं कसं? १८६७ मध्ये माक्स पर्ल्स या जर्मन वैद्यकाने शरीराच्या ऊतींमधलं लोह निळ्या रंगाने दाखवण्याची रासायनिक रीत मांडली. १९२०च्या दशकाच्या अखेरीस रशियातल्या अरिन्किन यांनी छातीच्या हाडात सुई घालून मज्जा काढण्याची पद्धत रूढ केली. पुढे या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या. मज्जेच्या काचपट्टीवर निळे ठिपके दिसले तर साठा आहे, नाही दिसले तर संपला. अनेक दशकं हीच भरवशाची तपासणी होती. पण थकवा येतो म्हणणाऱ्या प्रत्येक बाईच्या हाडात सुई कोण घालणार?

त्याच सुमारास आपल्या मुंबईत वेगळाच धडा मिळत होता. १९२८ मध्ये लुसी विल्स ही ब्रिटिश डॉक्टर इथे आली आणि गरोदर बायकांच्या जीवघेण्या ॲनिमियाचा अभ्यास करू लागली. गरीब मुस्लिम बायकांमध्ये तो विशेष आढळत होता. त्यांच्या ताटात फळं, भाज्या आणि प्रथिनं फार कमी होती. यीस्टचा अर्क, म्हणजे साधं मार्माइट, दिल्यावर त्यांचं रक्त सुधारलं. तिथे कमतरता लोहाची नव्हती, ज्याला पुढे फॉलिक ॲसिड म्हटलं गेलं त्याची होती. रक्त कमी म्हणजे लोहच कमी, असं गृहीत धरता येत नाही, हे आपल्याच आज्या-पणज्यांच्या रक्ताने दाखवून दिलं.

१९३७ मध्ये चेकोस्लोव्हाकियाच्या लाउफबर्गर यांनी घोड्याच्या प्लीहेतून लोह साठवणारं प्रथिन वेगळं केलं. तेच फेरिटिन. १९५२ मध्ये अमेरिकेत फिंच आणि सहकाऱ्यांनी साठा थेट मोजला. रक्त पुन्हा पुन्हा काढत राहायचं आणि ते भरून येईनासं झालं, की काढलेल्या रक्तातून किती लोह गेलं याचा हिशेब करायचा. अर्धा लिटर रक्तात सुमारे पाव ग्रॅम लोह असतं. पद्धत अचूक, पण कणगी मोजण्यासाठी ती रिकामी करायची!

अखेर १९७२ मध्ये वेल्समधल्या कार्डिफ इथे जेकब्स आणि सहकाऱ्यांनी रक्तद्रवातलं अगदी थोडं फेरिटिनही मोजता येतं हे दाखवलं. दर लिटरमागे १ मायक्रोग्रॅम फेरिटिन म्हणजे निरोगी माणसात साधारण ८ मिलिग्रॅम साठा. त्या हिशेबाने भाचीकडे ५० मिलिग्रॅमही नव्हते.

हा आकडाही कधी फसवतो. ताप, संसर्ग किंवा सूज असेल तर फेरिटिन वाढतं आणि रिकामी कणगीही भरल्यासारखी वाटते. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये निरोगी प्रौढांसाठी १५ ही सीमा ठेवली, पण संसर्ग किंवा सूज असल्यास ७०.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रिया ॲनिमियाग्रस्त आढळल्या. तिथे बोटाच्या थेंबातून फक्त हिमोग्लोबिन पाहिलं होतं. भाचीसारख्या मुली, ज्यांचा डबा अजून भरलेला दिसतो, त्या या मोजणीत येतच नाहीत.

भाचीच्या पाळीत रक्त फार जात होतं. हे तिला घरात कुणी विचारलंच नव्हतं, मीही नाही. आता तिच्या गोळ्या सुरू आहेत. कणगी भरायला काही महिने लागतात. डॉक्टरांनी बजावलंय, बरं वाटलं म्हणून मध्येच थांबू नका. आणि बाजी हल्ली मोबाइलवरून रागावत नाही, आधी विचारते, "आज कसं वाटतंय?"