श्वाननखांची कैफियत

इंदूरहून धारच्या वाटेने निघाले की बेटमा लागते. इतिहासाच्या अभ्यासकास हे गाव परिचित आहे ते परमार भोजराजाच्या ताम्रपटामुळे. इ. स. १०२० चा हा पट कोकणविजयाच्या पर्वानिमित्त केलेल्या भूमिदानाचा. कोकणाशी नाते सांगणाऱ्यास त्याविषयी काहीसे अवघडलेले कुतूहल वाटावे, हे स्वाभाविक होय. त्याच कुतूहलाने मी एकदा तेथील एका स्नेह्यांकडे उतरलो. पण परतलो तो कुत्र्याच्या नखांचा विचार घेऊन.

त्यांचा कुत्रा बहुतेक दिवस साखळीलाच असे. सोडला की गुळगुळीत फरशीवर नखांची टकटक ऐकू येई, आणि पुढचा उजवा पाय तो टेकवीत नसे. "म्हातारा झाला बिचारा," असे यजमान म्हणाले. पंजा उचलून पाहिला, तो अंगठ्याचे नख चक्राकार वाढून मांसात रुतलेले! पशुवैद्यांनी ते काढले. म्हातारपणाच्या माथी मारलेला हा दोष वस्तुतः आम्हा माणसांच्या दुर्लक्षाचा होता.

गंमत अशी, की कुत्र्याची नखे मोजण्याची विद्या याच माळव्यात फार जुनी आहे. सहाव्या शतकात अवंतीच्या वराहमिहिराने बृहत्संहितेत श्वानलक्षणांचे एक छोटे प्रकरण घातले आहे. ज्या कुत्र्याच्या तीन पायांना पाच-पाच नखे व पुढच्या उजव्या पायास सहा, ओठ व नाकाचा शेंडा तांबूस आणि चाल सिंहासारखी, तो पाळणाऱ्याच्या घरी लवकरच लक्ष्मी आणतो, असे आचार्य सांगतात. कुत्रीच्या बाबतीत सहा नखांचा मान डाव्या पायास.

आता सामान्य कुत्र्याच्या पुढच्या पायास पाच व मागच्या पायास चार नखे असतात. म्हणजे आचार्यांचा शुभ कुत्रा एकूण एकवीस नखांचा, तीन नखे अधिक बाळगणारा. ही जादा नखे बहुधा अंगठ्याच्या जागची, वर लोंबणारी. ती जमिनीस लागत नाहीत, म्हणून झिजत नाहीत, आणि वाढली की वळून कातडीतच शिरू पाहतात. तेव्हा जो कुत्रा धन्याला सर्वांत भाग्यवान, त्याच्याच पायांची काळजी सर्वांत अधिक घ्यावयास हवी. पण लक्षणे पाहणाऱ्याची दृष्टी धन्याच्या भाग्यावर, कुत्र्याच्या सुखावर नव्हे. सिंहाची चाल हवी, तर नख बोथट व आखूड हवे, हे त्या प्रकरणात कोठे येत नाही.

आचार्यांनी निदान नखे मोजलीच. इंग्लंडच्या राजांनी ती तोडली. राजाच्या राखीव रानात हरिणांमागे कुत्रे धावू नयेत म्हणून तेथे राहणाऱ्यांच्या कुत्र्यांचे पंजे अधू करण्याची रीत होती. १२१७ च्या वनसनदेचे सहावे कलम वकिलाने मुद्दाम वाचण्याजोगे आहे. ही तपासणी दर तीन वर्षांनी व्हावी. ज्याचा कुत्रा तसा न आढळेल त्याने तीन शिलिंग दंड द्यावा, पण यासाठी कोणाचा बैल यापुढे ओढून नेऊ नये. आणि पुढच्या पायाची तीन नखे मुळासकट छाटावीत, तळव्याची गादी मात्र कापू नये. प्रजेच्या बैलास अभय मिळाले, कुत्र्यास मिळाले ते एवढ्या गादीपुरते! ही सनद कायद्याच्या पुस्तकातून १९७१ साली गेली.

छाटणे आणि कापणे यांतील भेद येथे स्पष्ट केला पाहिजे. नखाच्या गाभ्यात रक्तवाहिनी व मज्जातंतू असलेला जिवंत भाग असतो. टोक मात्र मृत, ते कापताना वेदना नाही. नख लांबले की प्रत्येक पावलागणिक जमीन त्याला मागे रेटते, बोटे वर उचलली जातात, भार भलत्या सांध्यांवर पडतो, आणि गुळगुळीत जमिनीवर पाय निसटतो. उपाय साधा आहे. दर पंधरवड्यास थोडेथोडे टोक काढावे, म्हणजे जिवंत भागही हळूहळू मागे सरतो. पांढऱ्या नखात तो गुलाबी दिसतो. काळ्यात दिसत नाही, म्हणून पातळ काप घेत जावे आणि कापाच्या मध्यभागी गडद ठिपका दिसू लागताच थांबावे. चुकून रक्त आलेच तर मक्याचे पीठ दाबून धरावे. रुतलेल्या नखावर मात्र घरच्या घरी शौर्य गाजवू नये.

रस्त्यावर हिंडणाऱ्या कुत्र्याची पुढची नखे बहुधा आपोआप झिजतात. साखळीवरच्याची झिजत नाहीत. आमच्या १९६० च्या प्राणिक्रौर्य प्रतिबंधक कायद्यात नखाचा उच्चार नाही, पण अकराव्या कलमात एक उपकलम आहे: नित्य बांधून वा कोंडून ठेवलेल्या कुत्र्यास वाजवी व्यायाम न देणारा मालक अपराधी ठरतो. पहिल्या अपराधास दंड दहा ते पन्नास रुपये! रकमेवरून कायद्याची थट्टा होते ती होवो. राजाच्या हरिणांऐवजी कुत्र्याचे पाय हा विषय झाला, हे अंतर मात्र लहान नाही.

यजमानांना हे कलम मी वाचून दाखविले, तेव्हा ते हसले. पण पुढल्या खेपेस गेलो तेव्हा संध्याकाळची वेळ होती आणि साखळी खुंटीला रिकामी लोंबत होती. शेताकडच्या मुरमाच्या रस्त्याने दोघे परत येत होते. कुत्रा पुढे, चारही पाय टेकीत, आणि यजमान मागे, थोडे धापा टाकीत.