ग्रंथ शेवटच्या पानापर्यंत वाचा



वर्षावासात आपल्या विहारात ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन होते. सातव्या खंडात भगवंतांचे महापरिनिर्वाण येते. त्या रात्री विहार गच्च भरतो, आयाबायांचे डोळे पाणावतात. दुसऱ्या दिवसापासून मात्र गर्दी ओसरते. पुष्कळांना वाटते, ग्रंथ संपला. आठवा खंड दहा-पंधरा माणसांत उरकला जातो आणि त्यानंतरचा समारोप तर वाचायचाच राहतो. दोष दुसऱ्या कुणाचा नाही. आम्हीच कित्येक वर्षे तिथे ग्रंथ मिटून कपाटात ठेवत आलो. म्हणून आज शेवटच्या पानांविषयी दोन शब्द.

परमपूज्य बाबासाहेब शेवटच्या पानांनाही काम लावीत. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने त्यांना परिषदेचे अध्यक्ष म्हणून बोलावले. पण त्यांच्या भाषणातली मते मंडळाला पेलवली नाहीत आणि परिषदच रद्द झाली. बाबासाहेबांनी ते भाषण स्वतः छापून प्रसिद्ध केले. दीड हजार प्रती दोन महिन्यांत संपल्या. गांधीजींनी ‘हरिजन’ पत्रात त्यावर टीका केली. १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत बाबासाहेबांनी शेवटी दोन परिशिष्टे जोडली. पहिल्यात गांधीजींचे लेख दिले आणि दुसऱ्यात स्वतःचे उत्तर.

बघा, ज्याने टीका केली त्याचे म्हणणे आपल्याच पुस्तकात छापायचे! आधी त्याचे ऐका, मग माझे ऐका, आणि तुमचे तुम्ही ठरवा. परिशिष्ट म्हणजे उरलेसुरले कोंबायची जागा नव्हे, तो वाचकापुढे ठेवलेला पुरावा असतो. नाहीतर आम्ही! कमिटीच्या मीटिंगमध्ये दुसऱ्याचे वाक्य पुरे होऊ देत नाही.

‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ १९५७ साली, म्हणजे ६ डिसेंबर १९५६ नंतर, इंग्रजीत बाहेर आला. छापलेला ग्रंथ बाबासाहेबांना पाहायला मिळाला नाही. त्यात कोणते वचन कोणत्या पाली ग्रंथातले, याची यादी नव्हती. त्यावरून पंडितांनी शंका काढल्या. भदंत आनंद कौसल्यायन यांनी हिंदी अनुवाद करताना मूळ आधार शोधून काढले. पुढे १९९५ साली महाराष्ट्र शासनाने या ग्रंथाचे पाली व इतर आधार, शब्दसूचीसह, पुरवणी खंडात छापले. आता कुणी विचारले, ‘हे कुठून आणले?’ तर बोट ठेवून दाखवता येते. आधार आणि सूची यांचा उपयोग हा असा असतो.

आणि समारोप? इंग्रजीत ज्याला एपिलॉग म्हणतात, त्या या भागात तीन गोष्टी आहेत. पहिली, बुद्धाच्या थोरवीविषयी विद्वानांचे अभिप्राय. दुसरी, धम्मप्रसाराची प्रतिज्ञा. तीत दुःखितांना तारण्याचा, स्वतःतले दोष घालवण्याचा, सत्य समजून घेण्याचा आणि बुद्धाच्या मार्गाने शेवटपर्यंत जाण्याचा निर्धार आहे. तिसरी, बुद्धाने आपल्या मायभूमीत परत यावे ही प्रार्थना.

कुणी म्हणेल, बुद्ध देव नाही, मग प्रार्थना कशाला? आम्हाला त्याचा अर्थ असा लागला. बुद्ध परत येणार तो आकाशातून नव्हे, माणसांच्या आचरणातून. म्हणूनच प्रतिज्ञा आधी आहे आणि प्रार्थना नंतर. आधी तुम्ही काम पत्करा, मग मागा. महापरिनिर्वाणाशी थांबणाऱ्याच्या पदरी नुसता शोक येतो. समारोपापर्यंत जाणाऱ्याच्या पदरी काम येते. बाबासाहेब गेले तेव्हाही आपल्या माणसांपुढे हाच प्रश्न होता, रडत बसायचे की काम उचलायचे? ज्यांनी काम उचलले त्यांच्यामुळे आज हा विहार उभा आहे.

तेव्हा उपासक-उपासिकांना हात जोडून विनंती, यंदाच्या आश्विन पौर्णिमेला वर्षावासाची सांगता समारोपाच्या वाचनाने करू या. प्रतिज्ञा आपल्या मुलामुलींकडून मोठ्याने वाचून घ्या. त्यांनी अर्थ विचारला तर टाळू नका. आपल्यालाच सांगता आला नाही, तर ग्रंथ पुन्हा पहिल्या पानापासून उघडा. त्यात लाज कसली?

जय भीम! नमो बुद्धाय!