ऐकणें आणि समजणें

वर्गांत गुरुजी दोनदां सांगतात, तरी मूल गोंधळतें. कान तपासावे, तर ते निर्दोष निघतात. अशा मुलाच्या कपाळीं ‘मठ्ठ’ हा शिक्का पूर्वीं सहज बसे. परंतु कानानें टिपलेल्या ध्वनीचा अर्थ मेंदूंत लागतो. हें ओळखून १९५४ मध्यें इटलींत बोका व त्यांच्या सहकाऱ्यांनीं मेंदूंत गांठ झालेल्या रोग्यांना मुद्दाम अस्पष्ट केलेले शब्द ऐकविले. १९६१ मध्यें कॅनडांत डोरीन किमुरा यांनीं दोन्ही कानांत एकाच वेळीं निरनिराळे अंक ऐकविले.

अशी कसोटी मुलाच्या स्वभाषेंतच हवी. एरव्हीं चूक ऐकण्याची कीं भाषेची, हें ठरत नाहीं. पोर्तुगीज बोलणाऱ्या ब्राझीलमध्यें पेरेइरा व शोशाट या विदुषींचा परीक्षाग्रंथ १९९७ मध्यें निघाला. तेथील अंक-कसोटींत ४, ५, ७, ८, ९ हेच अंक येतात. पोर्तुगीजमध्यें यांचीं नांवें द्व्यक्षरी, तर १, २, ३, ६ यांचीं एकाक्षरी. दोन्ही कानांत एकाच वेळीं दोन-दोन अंक पडतात. चारही मुलानें सांगावयाचे. लहान वयांत बहुधा उजवा कान सरस ठरतो, वयाबरोबर डावा त्याच्या जोडीस येतो. म्हणून तुलना समवयस्कांशींच करावी लागते.

उणीव नेमकी कोठें आहे हें कळलें, म्हणजे छडीऐवजीं योग्य अभ्यास देतां येतो.