शिफारस गावाची, शिक्का दरबाराचा

अचलपूरजवळच्या चम्मक गावी वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचा एक ताम्रपट सापडला. पाचव्या शतकातला हा लेख म्हणजे अटी घालून दिलेला कायम वास्तव्याचा परवानाच आहे. चर्मांक नावाचं गाव, मोजमाप 8000 भूमी, 1000 ब्राह्मणांना दिलं. कर माफ, सैनिकांना गावात शिरायला मनाई, चंद्र-सूर्य असेपर्यंत उपभोग. आणि लगेच पुढे तंबी: राज्याशी द्रोह करू नका, चोरी-व्यभिचार करू नका, लढाया करू नका, शेजारच्या गावांना उपद्रव देऊ नका. यातलं काही केलं, किंवा करणाऱ्याला संमती दिली, तर राजाने जमीन काढून घेतली तरी ती चोरी ठरणार नाही. दानपत्रात अशी भाषा विरळाच. राजाला माणसं हवी होती, पण त्यांचा पुरता भरवसा नव्हता.

वाकाटकांची दुसरी शाखा राज्य करत होती ते वत्सगुल्म म्हणजे आजचं वाशीम. वाशीमलाच सापडलेला दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट पुरालेखतज्ज्ञ वा. वि. मिराशींनी वाचला. त्यातलं दान अथर्ववेदी ब्राह्मणांना आहे आणि दिलेलं गाव नांदेडच्या बाजूला. वेदविद्या हे त्या काळचं कौशल्य होतं. राजधानीत बसून राजा ते कौशल्य दूरच्या मुलखात नेऊन वसवत होता.

आज कॅनडाचा प्रांत किंवा ऑस्ट्रेलियाचं राज्य कुशल परदेशी माणसाची शिफारस करतं, मग केंद्र सरकार त्याला 'पीआर', म्हणजे कायम वास्तव्याचा हक्क, देतं. वाशीमसारख्या गावातली मुलं आता हे अर्ज भरताना या पद्धतीला अगदी नवीन समजतात. नवीन आहेत ते अर्ज. निवड स्थानिकाने करायची आणि तिच्याशिवाय कायमचा हक्क नाही, ही रीत दख्खनच्या गावगाड्यात मुरलेली होती. बाहेरून आलेला कुणबी उपरी. त्याने जमीन कसावी, ठरलेलं द्यावं, नको वाटलं तर बिऱ्हाड हलवावं. गोतसभेत, म्हणजे गावच्या पंचायतीत, त्याला जागा नाही. मिरासदाराला मात्र वंशपरंपरेचा हक्क. दुष्काळात गाव सोडून गेला आणि वर्षांनी परतला तरी जमीन मागू शकायचा. उपऱ्याला मिरास मिळायची ती पाटील आणि गावकऱ्यांनी दिलेल्या मिरासपत्राने, रक्कम मोजून. गावाने पारखल्याशिवाय पुढचं काही नाही. यात जातीचा आणि पैशाचा वाटा केवढा असेल हे सांगायला नको. गावाची पसंती म्हणजे गावातल्या वजनदारांची पसंती.

1853 मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं. तेव्हा दक्षिणेकडच्या डोंगरपट्ट्यात ओसाड गावं पुष्कळ होती. 1865 च्या पडीक जमिनीच्या नियमांनी ती लांब मुदतीच्या इजाऱ्याने, म्हणजे भाडेपट्ट्याने, देण्यात आली: लागवड करा, सारा हळूहळू चढेल, मुदत संपली की हक्क पक्का. यवतमाळकडच्या काही गावांच्या नावामागे 'इजारा' अजून चिकटलेला आहे. आधी तात्पुरतं, मग कायम, हे सूत्र सरकारी नियमात पक्कं बसलं ते इथे.

याच पट्ट्यात, वाशीम जिल्ह्यातल्या मानोरा तालुक्यात, बंजारा समाजाचं तीर्थक्षेत्र पोहरादेवी आहे. या समाजाचा धंदाच चालण्याचा. बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य घालून तांडे मुलूखभर फिरायचे. आज त्याच घरातल्या मुलाला विमुक्त जातीचा दाखला हवा असेल, तर 21 नोव्हेंबर 1961 पूर्वी आपले पूर्वज महाराष्ट्रात राहत होते हे दाखवावं लागतं. फिरत्या माणसाकडे मुक्कामाचा पुरावा मागण्यात सरकारला काही वावगं वाटत नाही.

कॅनडाकडे वळू. 1867 च्या घटनाकायद्याच्या कलम 95 ने शेती आणि स्थलांतर हे दोन विषय एकाच वाक्यात केंद्र-प्रांत दोघांकडे सोपवले, कारण दोन्हींचा अर्थ तेव्हा एकच होता: रिकामी गवताळ जमीन नांगराखाली आणणं. 1874 पासून मॅनिटोबात रशियातून मेनोनाइट पंथाचे शेतकरी आले. त्यांना राखीव जमीन आणि लष्करी सेवेतून सूट मिळाली होती. चम्मकच्या ब्राह्मणांना मिळालेल्या सवलतींशी हे ताडून पाहावं. पुढे केंद्राने सगळा कारभार आपल्या हाती घेतला. 1967 च्या गुणपद्धतीने शिक्षित माणसं आली, पण ती टोरंटो-व्हँकुव्हरला उतरली. क्वेबेकने भाषेच्या जोरावर 1991 मध्ये निवडीचा अधिकार स्वतःकडे घेतला. मॅनिटोबाची गरज साधी होती: विनिपेगच्या कपड्यांच्या कारखान्यांना शिवणयंत्र चालवणारे हात मिळेनात. गुणपद्धतीत शिंपीकामाला भाव नव्हता. त्या गरजेतून 1998 चा प्रांतिक शिफारशीचा करार निघाला. केंद्राच्या आजच्या 'एक्स्प्रेस एन्ट्री' निवडपद्धतीत प्रांताच्या शिफारशीचे 600 गुण धरले जातात.

अडचण शिक्क्यानंतर सुरू होते. 1982 च्या हक्कांच्या सनदेने कॅनडात पीआर मिळालेल्या माणसाला कुठल्याही प्रांतात राहायची मुभा आहे. मॅनिटोबाच्या शिफारशीवर आलेलं कुटुंब ऑंटारिओतल्या ब्रॅम्प्टनला गेलं तर मॅनिटोबाला हात चोळत बसण्यापलीकडे फारसं काही करता येत नाही. प्रवरसेनाने ठेवली तशी परत घेण्याची वाट कॅनडाने ठेवलेली नाही, आणि ठेवू नये हेच बरं. ऑस्ट्रेलियाने इजाऱ्याची रीत धरली: 2019 पासूनचा 491 क्रमांकाचा व्हिसा पाच वर्षांचा, त्यात तीन वर्षं ठरलेल्या प्रदेशात काढायची, मग 191 क्रमांकाचा कायमचा. सिडनी, मेलबर्न, ब्रिस्बेन सोडून जवळपास सगळा देश त्यात 'प्रादेशिक', अगदी पर्थसुद्धा!

अमेरिकेत राज्याने शिफारस करण्याची ही रीत फक्त डॉक्टरांपुरती आहे. नॉर्थ डकोटाचे सिनेटर केंट कॉनरॅड यांच्या 1994 च्या योजनेत प्रत्येक राज्य वर्षाला 20, पुढे 30, परदेशी डॉक्टरांची शिफारस करू लागलं. तीन वर्षं डॉक्टर न मिळणाऱ्या भागात काम करा, व्हिसातली मायदेशी परतण्याची अट माफ. डॉक्टर तिथे टिकतो तो व्हिसाच्या धाकाने, हे उघड आहे. पण त्या तीन वर्षांत गावाला डॉक्टर असतो.

वाशीमची गत नेमकी त्या गावांसारखी. केंद्र सरकारच्या 2018 च्या 'आकांक्षित', म्हणजे मागे पडलेल्या, जिल्ह्यांच्या यादीत महाराष्ट्रातले चार होते, त्यात हा एक. सरकारी महाविद्यालयातून एमबीबीएस झालेल्यांना एक वर्ष सेवेचा बाँड होता, पण अनेक वर्षं 10 लाख भरून सुटायचीही सोय होती. विदर्भाच्या मुलांना आपल्या भागातल्या 70 टक्के जागा देणारं 70:30 चं सूत्र 2020 मध्ये रद्द झालं. 2024 मध्ये वाशीमला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. तिथे राज्यातल्या कुठल्याही जिल्ह्याचा विद्यार्थी येईल, आणि शिकून झाल्यावर त्याने कुठे राहावं याबाबत वाशीमचं मत कुणी विचारणार नाही.