निंबोळीचे तेल आणि म्युनिकमधला वाद

१/ १९९४ साली युरोपीय पेटंट कार्यालयाने डब्ल्यू. आर. ग्रेस ही अमेरिकी कंपनी आणि अमेरिकेचे कृषी खाते यांना संयुक्तपणे एक पेटंट दिले. ‘अमेरिकेने कडुनिंबाचेच पेटंट घेतले’ असे आजही सांगितले जाते; ते खरे नव्हे. पेटंट झाडाचे नव्हते. निंबोळीपासून विशिष्ट रीतीने काढलेले तेल फवारून वनस्पतींवरील बुरशी आटोक्यात आणण्याच्या पद्धतीचे ते होते.

२/ तरीही भारतात संताप उसळला, कारण धान्याच्या कणगीत कडुनिंबाचा पाला घालणे आणि शेतात निंबोळीची पेंड टाकणे येथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले होते.

३/ या अनुभवाला प्रयोगशाळेचीही जोड मिळाली होती. १९६२ मध्ये दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत एस. प्रधान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निंबोळीचा अर्क फवारलेल्या पिकाला टोळ तोंड लावत नाहीत, असे दाखवून दिले. १९६८ मध्ये इंग्लंडमधील कील विद्यापीठात बटरवर्थ आणि मॉर्गन यांनी निंबोळीतून ‘अ‍ॅझाडिरॅक्टिन’ हे द्रव्य वेगळे केले.

४/ हे द्रव्य किडीची भूक मारते आणि तिच्या कात टाकण्याच्या क्रियेत बिघाड घडवते. तेलाचा थर मावा, तुडतुडे यांसारख्या मऊ अंगाच्या किडींची श्वासछिद्रे बुजवतो. उन्हात मात्र अ‍ॅझाडिरॅक्टिनचा प्रभाव लवकर ओसरतो. म्हणून फवारणी पुन्हा करावी लागते, तीही शक्यतो सायंकाळी. तेल पाण्यात मिसळत नसल्याने त्यात साबण घालतात.

५/ १९९५ मध्ये वंदना शिवा, युरोपीय संसदेतील हरित गटाच्या माग्दा आल्व्हूट आणि सेंद्रिय शेतीच्या जागतिक महासंघाने पेटंटला हरकत घेतली.

६/ येथे कायद्यातील एक फरक निर्णायक होता. अमेरिकेत त्या काळी परदेशातील नुसता वापर पूर्वज्ञान म्हणून मान्य होत नसे. छापील पुरावा लागे. युरोपात मात्र जगात कोठेही झालेला खुला वापर ग्राह्य होता. परंतु तो कोणी, कोठे, केव्हा आणि कसा केला, हे सिद्ध करावे लागे. ‘आमचे पूर्वज हे जाणत होते’ एवढ्याने भागत नव्हते.

७/ साक्षीला उभे राहिले एका भारतीय कारखान्याचे व्यवस्थापक. त्यांच्या कंपनीने १९८५ आणि १९८६ मध्ये पुणे व सांगली जिल्ह्यांतील शेतांवर निंबोळीच्या तेलाच्या चाचण्या घेतल्या होत्या. पेटंटचा युरोपीय अर्ज होता १९९० सालचा.

८/ १० मे २००० रोजी म्युनिकमध्ये पेटंट रद्द झाले. कंपनीने अपील केले. ८ मार्च २००५ रोजी तेही फेटाळले गेले.

९/ या विजयाचे श्रेय सहसा प्राचीन परंपरेला दिले जाते. परंपरेने लढ्याला बळ दिले खरे. पण पेटंट कार्यालयापुढे वजन पडले ते स्थळ-काळ सांगता येणाऱ्या, अवघ्या दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या चाचण्यांचे. भारताने २००१ मध्ये पारंपरिक ज्ञानाचे डिजिटल ग्रंथालय उभारण्यास आरंभ केला, त्यामागे हाच धडा होता. पुढे २००९ मध्ये युरोपीय पेटंट कार्यालयाच्या परीक्षकांना ते खुले झाले. ग्रंथांतील माहिती त्यात आली. शेतकऱ्यांच्या तोंडी असलेल्या ज्ञानाची नोंद हे त्याहून अवघड काम आहे.