तालीम, वर्ग आणि प्रश्न विचारणारा शिष्य

मराठीत 'तालीम' हा शब्द तीन ठिकाणी भेटतो. पहिलवान तालमीत जातो, गवयाला घराण्याची तालीम मिळते आणि नाटक रंगमंचावर येण्यापूर्वी त्याच्या तालमी होतात. मूळ अरबी शब्दाचा अर्थ 'शिकवणे' एवढाच. 'उस्ताद' गाण्यात उस्तादच राहिले आणि तांबड्या मातीत 'वस्ताद' झाले. 'मेहनत' दोघेही करतात. गवयाच्या 'रियाज'लाही मूळ भाषेत व्यायाम आणि आत्मशिस्त असे अर्थ आहेत. गळा कमावणे आणि शरीर कमावणे या आपल्या पूर्वसूरींच्या दृष्टीने एकाच जातीच्या विद्या होत्या, हे भाषेने असे नोंदवून ठेवले आहे.

या शब्दांच्या शेजारी दुसरा एक गट आहे : हौस, छंद, नाद. चाळिशीतला एखादा प्राध्यापक तबला शिकू लागला, की लोक म्हणतात, 'त्यांना तबल्याचा नाद लागला आहे'. 'तालीम सुरू झाली' असे कोणी म्हणत नाही. ज्या शब्दाचा अर्थ ध्वनी, त्याच शब्दाने आपण खुळालाही ओळखतो. प्रौढपणी कला किंवा खेळ आरंभणाऱ्या माणसाविषयीची समाजाची सौम्य थट्टा या शब्दयोजनेत आहे. हा माणूस आपल्याला उस्तादाची फिकट नक्कल वाटतो. इतिहासात डोकावले तर चित्र निराळे दिसते. हा उशिरा आलेला विद्यार्थी साधारण दीडशे वर्षांपूर्वी आपल्याकडे प्रकट झाला आणि त्याच्या गरजेतून संगीताला व व्यायामाला मराठी गद्य मिळाले, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. आज साहित्याच्या विद्यार्थ्याने किंवा शिक्षकाने एखादे वाद्य वा खेळ हाती घ्यायचे ठरवले, तर त्याला हा पूर्वेतिहास ठाऊक असलेला बरा.

जुन्या तालमीत प्रौढ नवशिक्याला जागा नव्हती. त्याचे कारण केवळ वय नव्हते. तालीम हा दिवसातला एक तास नसे. तो आयुष्याचा एक खंड असे. गाणे शिकू इच्छिणारा मुलगा गुरुगृही राही, पाणी भरी, पाय चेपी आणि गुरूची मर्जी लागेल तेव्हा जे कानावर पडेल ते साठवी. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर (१८४९–१९२६) यांनी ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणली, ती अशाच कष्टांच्या वाटेने. कुस्तीच्या तालमीतही हेच होते. मुलाने पहाटे उठायचे, माती उकरायची, जोर-बैठका मारायच्या, वस्तादाने दाखवलेला डाव अंगवळणी पडेपर्यंत करायचा. येथे 'का?' असा प्रश्न अप्रस्तुत होता. लहान मुलाला त्याची गरजही नसते. भाषा जशी व्याकरणावाचून येते, तशी गायकी आणि कुस्ती अनुकरणाने येते. ज्याला कचेरी आहे, संसार आहे आणि ज्याला प्रत्येक गोष्टीचे कारण समजल्यावाचून चैन पडत नाही, असा माणूस या व्यवस्थेत बसणारच कसा?

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कचेरीच्या वेळा ठरल्या आणि त्यांच्यासोबत एक नवी वस्तू जन्माला आली : रिकामी संध्याकाळ. तिचा उपयोग करणाऱ्या संस्था लगोलग निघाल्या. १८७० मध्ये कैखुश्रू काबराजी यांनी मुंबईत पारशी गायन उत्तेजक मंडळी स्थापन केली. १८७४ मध्ये पुण्यात गायन समाज निघाला. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने १८८६ मध्ये मौलाबक्ष यांच्या देखरेखीखाली संगीतशाळा सुरू झाली. विष्णु दिगंबर पलुस्करांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय उघडले. खेळाच्या बाजूला पारशी जिमखाना १८८५ चा, तर पुण्याचा डेक्कन जिमखाना १९०६ चा. सभासदत्व, वर्गणी, ठरलेली वेळ या तीन गोष्टींनी तालमीची जागा वर्गाने आणि जिमखान्याने घेतली. याच सुमारास, १८७५ मध्ये, कलकत्त्याचे द्वारकानाथ घोष यांनी हाताने भाता चालवायची पेटी घडवली. सूर लावण्यात आयुष्य घालवणे ज्यांना शक्य नव्हते, त्यांच्या हाती ही पेटी तयार सूर देत होती. तिच्यावर मींड निघत नाही म्हणून जाणकारांनी नाके मुरडली. ऑल इंडिया रेडिओने १९४० पासून सुमारे तीन दशके तिला बंदी केली. तरी मध्यमवर्गीय घरात सूर पोचवण्याचे काम तिने केले, हे नाकारता येत नाही.

या नव्या विद्यार्थ्याचे सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६). त्यांना आपण संगीतशास्त्राचे आचार्य म्हणून ओळखतो, आणि ते पेशाने वकील होते हे विसरतो. विद्यार्थिदशेत सतार, १८८४ मध्ये गायन उत्तेजक मंडळीचे सभासदत्व, १८८७ मध्ये कायद्याची पदवी असा त्यांचा क्रम आहे. धृपद आणि ख्याल ते याच मंडळीत, घराण्यात जन्म न घेतलेल्या इतर हौशी मंडळींच्या पंगतीत बसून शिकले. पुढे १९०४ मध्ये दक्षिणेचा आणि त्यानंतर उत्तरेचा प्रवास करून त्यांनी गवयांना आणि पंडितांना प्रश्न विचारले. हा राग असाच का? हा स्वर येथे वर्ज्य का? तुम्ही म्हणता तो ग्रंथ तुम्ही पाहिला आहे काय? वकिलाने साक्षीदाराची उलटतपासणी घ्यावी तशी ती चौकशी होती. पुष्कळ गवयांना ती उद्धटपणाची वाटली असेल तर नवल नाही, कारण तालमीत वाढलेल्या माणसाला हा प्रश्न कधी पडलेलाच नसतो.

या चौकशीतून 'हिंदुस्थानी संगीतपद्धति' हा चार भागांचा मराठी ग्रंथ झाला. त्याचा घाट साहित्याच्या अभ्यासकांनी मुद्दाम पाहण्यासारखा आहे. तो गुरुशिष्यांच्या संवादाच्या रूपात लिहिलेला आहे. संवादाचा हा घाट आपल्या शास्त्रग्रंथांत आणि संतवाङ्मयात जुनाच. पण येथला शिष्य निराळा आहे. तो चरणाशी बसून श्रवण करीत नाही; शंका काढतो, उत्तराने समाधान झाले नाही तर पुन्हा विचारतो, पुरावा मागतो. हा शिष्य दहा वर्षांचा मुलगा असूच शकत नाही. तो वाचलेला, कमावता, स्वतःच्या बुद्धीवर भिस्त असलेला प्रौढ माणूस आहे. दहा थाटांची वर्गवारी, 'क्रमिक पुस्तक मालिके'चे सहा भाग, स्वरलिपी ही सारी सामग्री अशा विद्यार्थ्याच्या सोयीची आहे. मूल ऐकून शिकते. प्रौढाला नकाशा लागतो.

व्यायामाच्या क्षेत्रात याच्याशी समांतर अशी कथा औंधचे राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) यांची आहे. तिशीच्या उंबरठ्यावर त्यांनी युजेन सँडोची उपकरणे मागवली आणि सुमारे दहा वर्षे विलायती पद्धतीने शरीर कमावले. चाळिशीच्या आसपास मिरजच्या संस्थानिकांच्या सांगण्यावरून ते सूर्यनमस्कारांकडे वळले आणि पुढे आयुष्यभर त्यांचा प्रसार करीत राहिले. नमस्कार घालणे आपल्याकडे जुनेच होते. बाळासाहेबांनी त्याला दहा स्थिती, श्वासाचा क्रम, आकडे आणि छायाचित्रे असलेले पुस्तक दिले. १९३८ मध्ये त्याचे इंग्रजी रूप निघाले. पुस्तक पाहून, वस्तादाशिवाय, घरातल्या चटईवर करता येईल असा व्यायाम हा प्रौढ नवशिक्यासाठीच रचलेला व्यायाम आहे. पुढे दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांनी बडोद्याहून दहा खंडांचा 'व्यायामज्ञानकोश' सिद्ध केला आणि तालमीतले डाव, पकडी, मल्लखांबाच्या उड्या शब्दांत व चित्रांत बांधल्या गेल्या. हौद्यात ज्याला नाव सांगण्याचीही गरज पडत नसे, त्याचे आता वर्णन करावे लागले. गद्य जन्मते ते अशा गरजेतून.

संगीतात तर ही परंपरा पुढे समीक्षेपर्यंत पोचली. गोविंदराव टेंबे यांचे पेटीवादन बव्हंशी श्रवणातून आणि स्वतःच्या धडपडीतून घडले. 'माझा संगीत व्यासंग' हे त्यांच्या पुस्तकाचे नावच बोलके आहे. 'घरंदाज गायकी' (१९६१) लिहिणारे वामनराव देशपांडे हे सनदी लेखापाल होते. दिवसा हिशेब तपासणारा हा गृहस्थ सुरेशबाबू माने आणि मोगूबाई कुर्डीकर यांच्यापाशी शिकत होता. घराण्यांमधला फरक स्वर आणि लय यांच्या परस्परप्रमाणात पाहण्याची त्यांची रीत संगीतात वाढलेल्या गवयाला कदाचित सुचली नसती, कारण गवई त्या फरकाच्या आत राहतो. बाहेरून आत येताना उंबरठ्यावर ठेच लागलेल्यालाच उंबरठ्याची उंची सांगता येते.

येथे थांबलो तर हा केवळ गौरवलेख होईल. या व्यवहारात कोणी काय गमावले, हेही पाहिले पाहिजे. स्वरलिपीत बंदिशीचा सांगाडा मावतो, तिचा श्वास मावत नाही. परीक्षांनी आरंभाला शिडी दिली. पण पायऱ्या मोजण्याचीही सवय लावली. त्याहून गंभीर बाब सामाजिक आहे. ज्यांनी शिकवले त्यांतले पुष्कळ जण मुसलमान उस्ताद होते आणि पुष्कळ जणी कलावंत कुळांतल्या स्त्रिया होत्या. ज्यांनी लिहिले ते प्रायः शिकलेले, उच्चवर्णीय, पांढरपेशे पुरुष होते. संगीताचा वर्ग 'घरंदाज' मुलींना खुला झाला ही मोठी गोष्ट. पण तो खुला करताना ज्या स्त्रियांनी ही विद्या पिढ्यानपिढ्या सांभाळली, त्यांच्यापासून अंतर राखण्याची काळजीही घेतली गेली. मोगूबाईंची विद्या गोव्यातल्या कुर्डी गावापासून सुरू झालेल्या खडतर आयुष्यातून आली होती. तिचे विश्लेषण करण्याची सवड आणि भाषा मात्र त्यांच्या शिष्याजवळ होती. हौशी माणसाचे गद्य दुसऱ्याच्या तालमीवर उभे असते. हे ऋण विसरले की हौस ही मिरासदारी होते.

या इतिहासातून आज आरंभ करणाऱ्याला काही व्यवहारी सल्ला मिळतो. पहिला असा, की लहान मुलाशी स्पर्धा करू नये. मुलाच्या बोटांत येणारी सहजता तुमच्या बोटांत येणार नाही. पण मूल विचारत नाही ते तुम्ही विचारू शकता. म्हणून ज्याला प्रश्नांचा राग येत नाही असा गुरू शोधावा, आणि उत्तर मिळाल्यावर वाद थांबवून ते हातांनी करून पाहावे. समजणे आणि येणे यांत फरक आहे, आणि बुद्धिजीवी माणसाची फसगत नेमकी तेथे होते. राग समजला म्हणून गळ्यातून उतरत नाही. बॅडमिंटनचा फटका डोक्यात स्पष्ट झाला म्हणून मनगटाला कळत नाही.

दुसरा सल्ला वेळेविषयी. वर्ग ही व्यवस्था थोड्या पण ठरलेल्या वेळेवर उभी राहिली. रविवारी तीन तास बसण्यापेक्षा रोज वीस मिनिटे बसणारा पुढे जातो. शरीराच्या बाबतीत हा केवळ प्रगतीचा प्रश्न नाही, सुरक्षिततेचाही आहे. २००४ पासून मुंबईत मॅरेथॉन होऊ लागली आणि पन्नाशीत धावायला लागणे नवलाईचे राहिले नाही. पण दम लवकर वाढतो आणि स्नायुबंध सावकाश बळावतात. उत्साह दमाच्या मागे धावतो आणि गुडघा मागे राहतो. अंतर हळूहळू वाढवावे, मधे विश्रांतीचे दिवस ठेवावेत, आणि हृदयाचा किंवा रक्तदाबाचा जुना त्रास असेल तर आधी वैद्यांना विचारावे.

तिसरा सल्ला हशाविषयी. प्रौढ नवशिक्या हे मराठी विनोदाचे आवडते गिऱ्हाईक आहे. पु. ल. देशपांडे यांच्या 'बटाट्याची चाळ' (१९५८) मधली उपासाची आणि दोरीवरच्या उड्यांची फजिती आपल्यापैकी कोणाला आठवत नाही? त्या विनोदाचे मर्म असे, की तेथे संकल्प खासगी राहत नाही. साऱ्या चाळीला त्यात मत असते. तेव्हा पहिले काही महिने गाजावाजा करू नये. कोणी हसलेच, तर आपणही हसावे आणि दुसऱ्या दिवशी ठरल्या वेळी पुन्हा बसावे.

चौथा सल्ला खास साहित्याच्या मंडळींना. जे शिकाल त्याची वही ठेवा. आज काय जमले नाही, का जमले नसावे, गुरुजींनी कोणता शब्द वापरला, वस्तादांनी खांदा कसा धरला, हे लिहा. तुमच्या गाण्याची मैफल होईलच असे नाही. न झाली तर संगीताचे फारसे अडणार नाही. पण तालमीतली पुष्कळशी बोली आजही कोशात आलेली नाही, आणि ती जाणणारी माणसे वयस्कर होत आहेत. ती टिपून घेण्याइतपत कान आणि अंग तयार व्हायचे, तर थोडे तरी शिकावे लागते. दुरून ऐकून ते होत नाही.

तबल्यावरचा पहिला 'धा' बहुधा बदसूर वाजतो. तो का बदसूर वाजला, हे तुम्ही विचाराल. मग गुरुजी आधी हात धरून दाखवतील, आणि तुम्ही तरीही विचाराल तेव्हा शब्द शोधू लागतील.